चादर आवडली का, हे मेंदूला विचारायचं का?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात न्यूरोमार्केटिंगवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मेंदूची नि शरीराची मोजमापं घेऊन त्याच्या मनात काय आहे ते ओळखायच्या धंद्यावर, एक छोटी टीप दिली होती. त्यावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकललेत. जागेपायी काही पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. चुलतभाऊ पुण्याहून दोघांना घेऊन आला, ते म्हणतात गिऱ्हाईक तोंडाने खोटं बोलतं पण मेंदू खोटं बोलत नाही, तुमच्या नव्या डिझाईनची नि पॅकिंगची आपण लोकांच्या डोक्याला पट्टा लावून टेस्ट करू. पैसे बक्कळ मागतात. वडील म्हणतात, "का बे, चादरी विकायच्यात का डॉक्टरकी करायचीय?" खरंच काही असतंय का यात?

उत्तर: आधी वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण पुण्याच्या पाहुण्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही बरं का. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, त्याला स्वतःलाच बऱ्याचदा माहीत नसतं आपण हे का उचललं, आणि तरी तुम्ही विचारलं की ते कारण देतं, आणि देताना त्याला मनापासून वाटत असतं की हेच खरं.

रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९७७ साली छापलेला एक प्रयोग तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. दुकानात टेबलावर बायकांच्या नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यातला चांगल्या प्रतीचा कुठला? चारही जोड एकसारखे, काडीचा फरक नाही. तरी डाव्या टोकाच्या जोडापेक्षा उजव्या टोकाच्याला तिपटीहून जास्त मतं पडली. का निवडला म्हटल्यावर कुणी वीण सांगितली, कुणी पातळपणा सांगितला, आणि "तो उजवीकडे होता म्हणून तर नाही ना घेतला?" असं विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी नाही म्हटलं, वर विचारणाऱ्याकडेच असं बघितलं की याचं डोकं ठिकाणावर आहे ना.

आता तुमच्या गादीवर बसून आठवा. बाई पाच चादरी उलगडायला लावते, सहावी घेते आणि म्हणते हिचा रंग पक्का वाटतोय. रंग पक्का का कच्चा हे चार धुण्यांशिवाय तिला कसं कळणार? पण तिने ती घेतली एवढं खरं, कारण मागून आलं. म्हणून मग लोकांनी तोंडाचा नाद सोडला आणि शरीराकडे वळले.

सगळ्यात साधं म्हणजे तळहाताचा घाम. काही मनाला भिडलं, दचकलो, हरखलो की घामाच्या ग्रंथी आपल्याला न विचारता कामाला लागतात आणि कातडीतून वीज जरा सहज जाते, बोटांना दोन पट्ट्या लावून ते मोजतात. पण हा सिग्नल यायला एक ते तीन सेकंद लागतात, आणि घाम आनंदाने आला का वैतागाने हे त्यातून कळत नाही. डिझाईन बघून माणूस खुलला तरी रेघ वर, किंमत बघून हबकला तरी रेघ वर! मग नजर टिपणारा कॅमेरा, डोळा कुठं गेला नि किती थांबला ते बघणारा, आणि मला विचाराल तर दुकानदाराला यातलं हेच सगळ्यात कामाचं. तुम्ही पाकिटावर सोलापुरी चादरीच्या जीआयचा, म्हणजे हा माल याच भागातला अशा सरकारी ओळखीचा, शिक्का हौसेने छापलाय आणि दहातल्या नऊ जणांची नजर तिथं जातच नाही असं दिसलं, तर उद्याच्या उद्या तो हलवता येतो. डोक्याचा पट्टा म्हणजे ईईजी, मेंदूतले विजेचे तरंग टिपणारा, त्यावर खाली वेगळा प्रश्न आलाय. आणि एफएमआरआय म्हणजे हॉस्पिटलातलं ते बोगद्यासारखं यंत्र, मेंदूच्या कुठल्या भागात ऑक्सिजनवालं रक्त वाढलं ते दाखवणारं, तेही चार-सहा सेकंद उशिरा. ते काही कुणी चाटी गल्लीत घेऊन येणार नाही.

खरी गडबड मशिनमध्ये नाही, मशिनवरून काढलेल्या अर्थात आहे. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख आला होता की आयफोनचा आवाज ऐकून नि फोन बघून लोकांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग जागा होतो आणि तो प्रेमाचा भाग आहे, म्हणजे लोकांचं आयफोनवर प्रेम आहे, झालं! त्यावर रसेल पोल्ड्रॅक आणि चाळीसहून जास्त मेंदूशास्त्रज्ञांनी मिळून पेपरला पत्र लिहिलं की बाबांनो, इन्सुला मेंदूच्या जवळपास एक तृतीयांश अभ्यासांत जागा होतोच, किळस आली तरी होतो, दुखलं तरी होतो. आपल्याकडे सैपाकघरात दिवा लागला म्हणून आत पुरणपोळीच चाललीय असं कुणी म्हणत नाही, पण मेंदूचं रंगीत चित्र समोर आलं की भले भले असं म्हणतात.

अजून एक सांगते, राहवत नाही. क्रेग बेनेट नावाच्या संशोधकाने बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा एफएमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या लोकांच्या मनात काय चाललंय सांग असं रीतसर विचारलं. मेंदूच्या चित्रातले हजारो ठिपके एकदम तपासताना गणितात जी काळजी घ्यायची ती घेतली नाही, तर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही "हालचाल" दिसली. २०१२ साली त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या नि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. तेव्हा पुण्याच्या मंडळींना विचारा की आकडेमोड कशी करता, किती माणसांवर टेस्ट करणार, ती माणसं कोण (कॉलेजची पोरं का लग्नाच्या आहेराला डझनाने चादरी नेणारी माणसं?), आणि आजवर ज्यांच्या टेस्ट केल्या त्यांच्या खऱ्या विक्रीशी तुमचे अंदाज कधी पडताळून बघितलेत का. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा घोटाळला तर चहा पाजून निरोप द्या.

आणि तोवर फुकटातलं एक करून बघा. दोन डिझाईनचे गठ्ठे एका आठवड्यात डावी-उजवीकडे, पुढच्या आठवड्यात उलटे, मग एक वरच्या फळीवर एक खालच्या, असं महिना-दीड महिना फिरवा आणि बिलावर डिझाईनचा नंबर टाकत जा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत स्टॉल लावत असाल तर उत्तमच, होम मैदानावर एका संध्याकाळी जेवढी माणसं समोरून जातात तेवढी दुकानात महिन्यात येत नाहीत. जागा बदलूनही एकच डिझाईन पुढं राहिलं तर ते डिझाईन खरं चालतंय, आणि जागेबरोबर विक्री फिरली तर जागा चालतेय.

प्रश्न: आम्ही बाया मिळून उखळात कुटलेली शेंगा चटणी नि कडक भाकरी विकतो. ट्रेनिंगला आलेल्या मॅडम म्हणाल्या दर दुप्पट करा, महाग असलं की लोकांना चवच जास्त लागती, हे मेंदूच्या मशिनवर सिद्ध झालंय. करावं का? — बचत गट, कुंभारी

उत्तर: मॅडमनी ऐकलेलं खरं आहे पण अर्धं. हा २००८ सालचा कॅलिफोर्नियातला अभ्यास, हिल्के प्लासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. वीस जणांना मशिनमध्ये झोपवून नळीने वाईनचे घोट दिले आणि प्रत्येक घोटाबरोबर किंमत दाखवली. एकच वाईन एकदा ९० डॉलरची म्हणून, एकदा १० डॉलरची म्हणून. ९० सांगितल्यावर लोकांना ती जास्त आवडली, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं, मेंदूत पुढं डोळ्यांच्या वर जो भाग आहे, सुखद वाटण्याशी ज्याचा संबंध आहे, तिथलीही हालचाल वाढली. मात्र जिभेची चव पहिल्यांदा जिथं पोचते त्या भागात किंमतीने फरक पडला नाही. आणि नंतर काही आठवड्यांनी किंमत न सांगता तीच वाईन दिली तेव्हा आवडीतला फरकही गेला.

आता मॅडमनी न सांगितलेलं. त्या वीस जणांच्या खिशातून एक पैसा जात नव्हता! तुमच्या गिऱ्हाइकाच्या जातो. ब्रायन नटसन यांच्या गटाने २००७ साली बघितलं की वस्तू आवडली की मेंदूतला एक भाग हलतो, पण किंमत जास्त वाटली की दुसरा भाग, हाच आपला मघाच्या आयफोनच्या गोष्टीतला इन्सुला, जोर धरतो आणि माणूस घेत नाही. म्हणजे किंमत एका हाताने चव वाढवते आणि दुसऱ्या हाताने चिमटा काढते, कुठलं जास्त होईल हे तुमच्या गिऱ्हाइकावर आहे. सोलापुरातलं गिऱ्हाईक ज्याच्या घरात आईच्या हातची चटणी आहे त्याला तुम्ही दराने फसवू शकत नाही, त्याला चव पाठ आहे. पुण्या-मुंबईच्या, गिफ्ट म्हणून नेणाऱ्या गिऱ्हाइकाचं वेगळं.

आणि नावाचाही परिणाम असतोच की. २००४ साली रीड माँटेग्यू आणि सॅम मॅक्ल्यूर यांच्या गटाने कोक-पेप्सीवर असंच केलं होतं. नाव न सांगता पाजलं तर लोक जवळपास निम्मे-निम्मे, पण हे कोक आहे म्हटल्यावर पारडं कोककडे झुकलं आणि मेंदूतले आठवणींशी जोडलेले भाग कामाला लागले, पेप्सीचं नाव सांगून तसं काही झालं नाही. तुमच्याकडे उखळ आहे, ती आठवण तुमचीच आहे, ती पाकिटावर दिसू दे. दर दुप्पट नको, नेहमीचं पाकीट आहे तसं ठेवा आणि चांगल्या बरणीत एक छोटं, जरा महाग पॅक काढा, मग बघा कुठलं परत मागायला येतात. पहिल्यांदा नेणारे मोजू नका, परत येणारे मोजा.

प्रश्न: मी एमबीए करतेय. कॉलेजात एका एजन्सीने डोक्याला बँड लावून कोल्ड्रिंकच्या जाहिराती दाखवल्या. रिपोर्टमध्ये आलं की तिसरी जाहिरात मला "सबकॉन्शसली" खूप आवडली. खरं सांगायचं तर तेव्हा मला भूक लागली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं टेन्शन होतं. माझं खरं का बँडचं? — विजापूर रोड

उत्तर: तुझं, गं. ईईजी म्हणजे काही जादू नाही. १९२४ साली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा हे विजेचे तरंग नोंदवले, आणि ते इतके बारीक असतात, व्होल्टच्या लाखाव्या भागातले, की तू दात आवळलेस, पापणी मिटलीस, घास गिळलास तर त्याचा गलका मेंदूच्या कुजबुजीपेक्षा मोठा येतो. चांगल्या लॅबमध्ये डोक्यावर बत्तीस-चौसष्ट ठिकाणी जेल लावून, तासभर खटाटोप करून हे मोजतात, आणि तिथंही बराच डेटा फेकून द्यावा लागतो. कॉलेजच्या वर्गात, पंख्याखाली, दोन-चार सेन्सरचा बँड, तेल लावलेले केस... असो.

बरं, सिग्नल स्वच्छ आला असं धरू. "आवडलं" हे ते बहुतेक कपाळाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या फरकावरून काढतात. रिचर्ड डेव्हिडसन यांच्या कामातून पुढं आलेली कल्पना अशी की डावी बाजू जास्त चालली तर माणूस त्या गोष्टीकडे ओढला जातोय. पण नंतर इतरांनी दाखवलं की राग आला तरी डावीच बाजू वर जाते, कारण रागातही आपण पुढंच सरसावतो. तेव्हा ती जाहिरात तुला आवडली असेल, किंवा तिचा संताप आला असेल, किंवा त्यातल्या समोशाकडे बघून पोटात कावळे ओरडले असतील.

ईईजीचा खरा जोर वेगळ्या ठिकाणी आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ पकडतं ते, त्यामुळे तीस सेकंदांच्या जाहिरातीत लोकांचं लक्ष नेमकं कुठं सुटलं हे बऱ्याच जणांची सरासरी काढून चांगलं दिसतं. सरासरी हा शब्द अधोरेखित कर. ग्रेगरी बर्न्स यांनी २००६ च्या सुमाराला २७ किशोरवयीन मुलांना स्कॅनरमध्ये अनोळखी गायकांची गाणी ऐकवली, आणि पुढच्या तीन वर्षांत त्या गाण्यांची विक्री किती झाली ते बघितलं. मुलांनी तोंडाने दिलेल्या मार्कांचा विक्रीशी मेळ नव्हता, पण मेंदूच्या एका भागाच्या हालचालीशी थोडाफार होता. थोडाफारच हं. आणि तो २७ जणांचा मिळून, कुठल्या एका पोराच्या घरी कुठली सीडी येणार हे कुणी सांगितलं नव्हतं. तुझा एकटीचा रिपोर्ट हातात देऊन "तुला हे आवडतं" म्हणणं म्हणजे हातचलाखी. प्रोजेक्टला विषय मात्र झकास आहे, घे.

प्रश्न: मोबाईलवर टेस्ट दिली, देशी-परदेशी ब्रँड आणि चांगले-वाईट शब्द पटापट डाव्या-उजव्या बटणाने वेगळे करायचे. निकाल आला की माझा "छुपा कल" परदेशी मालाकडे आहे. मी कट्टर स्वदेशी माणूस आहे! — बाळे

उत्तर: ही १९९८ साली अँथनी ग्रीनवॉल्ड आणि सहकाऱ्यांनी काढलेली पद्धत, बोटाला किती मिलिसेकंद उशीर होतो त्यावरून मनात काय कशाशी जोडलंय ते ताडायची. पुढच्या आठवड्यात परत द्या, निकाल बदलला तर नवल वाटून घेऊ नका, एकाच माणसाचा निकाल दर वेळी सारखा येत नाही ही या टेस्टवरची नेहमीची टीका आहे. आणि परदेशी जाहिराती दिवसभर डोळ्यांसमोर असल्या की "परदेशी" आणि "चांगलं" मनात जवळ येणारच, म्हणून काही तुम्ही खादी सोडलेली नाही.

प्रश्न: हे सगळं आम्हाला न सांगता कुणी करत असेल तर? मॉलमध्ये कॅमेरे असतात, मनातलं ओळखून माल गळ्यात मारणं हे चोरून घरात शिरण्यासारखंच नाही का? कायदा काय म्हणतो? — निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर: सर, नकळत मेंदूत शिरण्याची भीती जुनी आहे. १९५७ साली जेम्स व्हिकरी या माणसाने अमेरिकेत जाहीर केलं की सिनेमाच्या पडद्यावर डोळ्याला कळणार नाही इतक्या झटकन "पॉपकॉर्न खा, कोक प्या" दाखवून त्याने विक्री वाढवली. गदारोळ झाला, काही देशांत असल्या जाहिरातींवर बंदी आली, आणि १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं की त्यात दम नव्हता. ती गोष्ट अजून व्हॉट्सॲपवर फिरतेय.

मेंदूचे तरंग दुरून, नकळत टिपता येत नाहीत, पट्टा लावावाच लागतो, तेव्हा तेवढी झोप शांत लागू द्या. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. चेहरा टिपून हा खूश, हा नाराज असं सांगणारी सॉफ्टवेअर मिळतात. पण लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर शास्त्रज्ञांनी २०१९ साली शेकडो अभ्यास चाळून सांगितलं की चेहऱ्याच्या हालचालीवरून भावना इतक्या भरवशाने ओळखता येत नाहीत, माणूस रागावला तरी दर वेळी कपाळाला आठ्या घालतोच असं नाही. तुम्ही वर्गात पस्तीस-चाळीस वर्षं चेहरे वाचलेत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहितीय. माझी काळजी उलटी आहे, की मशिन चुकीचं वाचेल आणि तरी त्यावर निर्णय होतील.

कायद्याचं म्हणाल तर ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक खटल्यात सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. तो निकाल गुन्ह्याच्या तपासापुरता, दुकानदारीला थेट लागू नाही. पण पोलिसांना जे जबरदस्तीने करता येत नाही ते साबण विकणाऱ्याने तरी का करावं, असं माझं मत आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे, कशासाठी घेताय ते सांगून घ्या आणि मागितलं तर पुसून टाका असं त्याचं सूत्र आहे. फ्रान्सने २०११ मध्येच मेंदूचं स्कॅनिंग फक्त औषधोपचार, संशोधन आणि कोर्टाच्या कामापुरतं ठेवलं, जाहिरातवाल्यांना दार बंद. चिलीने २०२१ साली थेट राज्यघटनेत मेंदूच्या माहितीच्या संरक्षणाची तरतूद केली. आपल्याकडे मेंदूचं असं वेगळं नाव घेऊन काही नाही, ते यायला हवं.

प्रश्न: आम्ही विडी कामगार वस्तीत तंबाखू-मावा सोडा म्हणून पोस्टर लावतो. तीन नमुने केलेत, कुठलं चालेल यावरून आमच्यातच भांडणं चाललीत. तुमच्या या मेंदूच्या विद्येचा अशा कामाला काही उपयोग आहे का? — अशोक चौक

उत्तर: आहे, आणि मला वाटतं या सगळ्या विद्येतला सगळ्यात सरस अभ्यास नेमका तुमच्याच कामातला आहे. २०१२ साली एमिली फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिगारेट सोडायची इच्छा असलेल्या तीसएक लोकांना स्कॅनरमध्ये तीन जाहिरात-मोहिमा दाखवल्या. तिन्हींच्या शेवटी मदतीचा फोन नंबर होता. कुठली जास्त चालेल असं त्यांना विचारलं, त्यांनी क्रम लावला. दुसरीकडे मेंदूच्या पुढच्या मधल्या भागाची हालचाल बघून वेगळा क्रम निघाला, हा भाग "हे माझ्याबद्दल आहे" असं वाटलं की जागा होतो. मग त्या जाहिराती खरोखर टीव्हीवर लागल्यावर किती फोन वाढले ते मोजलं, आणि ते मेंदूच्या क्रमाशी जुळलं, लोकांनी तोंडाने लावलेल्या क्रमाशी नाही. तीनच मोहिमा होत्या, त्यामुळे फार हुरळून जायचं कारण नाही, पण यात खऱ्या माणसांनी खरे फोन केलेले मोजले हे मला पटतं.

तुम्हाला स्कॅनर नकोय. तुमच्यातली भांडणं आधी थांबवा, कारण पोस्टर आवडायला हवं ते तुम्हाला नाही, आणि खरं तर मावा खाणाऱ्याला आवडायलाही नको, त्याला ते आपलंच वाटलं पाहिजे. तिन्ही पोस्टर तीन वेगळ्या वस्त्यांत लावा, पंधरा दिवसांनी वस्त्या बदला. प्रत्येकावर सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर १८००-११-२३५६ मोठ्या अक्षरात टाका. आणि खाली पोस्टरगणिक वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा अडकवा, तुमच्या समुपदेशनाला येताना चिठ्ठी घेऊन या म्हणावं. आलेल्या माणसाला "कुठलं पोस्टर बघून आलात" असं विचारत बसू नका, तो काहीतरी सांगेल. चिठ्ठीचा रंग बघा आणि वहीत मांडत जा.